तीन मीटरच्या फटीत हवा येत नाही: झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, मुंबई
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: पुनर्वसन इमारतींतील उजेड, वायुवीजन आणि क्षयरोग

महोदय,

पुनर्वसनाच्या घराचे चटई क्षेत्र २२५ चौरस फुटांवरून २६९ झाले, पुढे ३०० झाले. धारावीसाठी ३५० जाहीर झाले. प्रत्येक वाढीची बातमी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या घरातली हवा तासाला किती वेळा बदलते, हा आकडा भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणाऱ्या दाखल्याच्या, फायलीत कुठेही मागितला जात नाही. लिफ्टचा दाखला लागतो, अग्निशमनाचा लागतो, ड्रेनेजचा लागतो. हवेचा लागत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की तोही लागावा, आणि तो मिळेल अशाच इमारती बांधल्या जाव्यात.

हे पत्र लिहिणारे आम्ही काही वास्तुरचनाकार, वायुवीजनाचे काम करणारे अभियंते आणि क्षयरुग्णांच्या घरी जाऊन उपचार नीट चालू आहेत ना हे पाहणारे कार्यकर्ते आहोत. नकाशा मंजुरीला जातो तेव्हा आमच्यातले काही टेबलाशी असतात. त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर कुणाचा सहा महिन्यांचा औषधोपचार सुरू होतो, तेव्हा आमच्यातलेच दुसरे दाराशी असतात. दोन्ही टोके दिसत असल्यामुळे गप्प बसणे अवघड झाले आहे.

मानखुर्द-गोवंडीतले लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड प्राधिकरणाला नवे नाहीत. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत हटवलेल्या कुटुंबांसाठी उभ्या राहिलेल्या या वसाहती. दोन इमारतींमध्ये ठिकठिकाणी जेमतेम तीन मीटर अंतर. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासात या दोन वसाहतींची तुलना जवळच्याच, पण मोकळ्या बांधणीच्या पीएमजी कॉलनीशी झाली. दाट वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण कितीतरी जास्त निघाले आणि इमारतींची रचना, उजेड व वायुवीजन यांच्याशी त्याचा संबंध दाखवला गेला. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घेतले, समित्यांत चर्चा झाली. त्यानंतरही पुनर्वसन घटकाला, म्हणजे झोपडीधारकांना द्यायच्या इमारतींना, मोकळ्या जागांत सवलत देण्याची रीत चालूच आहे. आमच्या तक्रारीचे मूळ तिथे आहे, म्हणून आधी तिथेच थांबतो.

मुंबईला हा धडा पहिल्यांदा मिळालेला नाही. १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. चाळींच्या अंधाऱ्या खोल्या आणि रोगराई यांचा संबंध तेव्हाच्या अधिकाऱ्यांना उघड दिसत होता. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ज्या नियमाचा पाठपुरावा केला तो ६३.५ अंशांचा. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर ती जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा उभी असू नये. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब सोपा आहे: या कोनात उंची अंतराच्या दुप्पट येते. म्हणजे समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी मोकळे अंतर हवे. परकीय सरकारने, भाड्याच्या खोल्यांसाठी, शंभरेक वर्षांपूर्वी मान्य केलेले हे किमान माप आहे.

आता आजची इमारत घ्या. तळमजला अधिक सात मजले, मजल्याची उंची २.९ मीटर, एकूण सुमारे २३ मीटर. ऑर यांच्या मापाने समोरची इमारत साडेअकरा मीटरवर हवी. ती तीन मीटरवर असेल तर तळमजल्याच्या खिडकीतून समोरच्या कठड्याचा कोन ८२ अंशांचा येतो. आकाशाची पट्टी उरते आठ अंशांची. तीन मीटरच्या फटीत ६३.५ अंशांची अट पुरी करतात फक्त वरचे सहा मीटर, म्हणजे वरचे दोन मजले. खालच्या सहा मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट चालू असते ती रहिवाशांना वीज उधळायची हौस आहे म्हणून नव्हे. फट उत्तर-दक्षिण असेल तर सूर्य तळाच्या भिंतीवर दिवसातून अर्धा तास उतरतो. ती पूर्व-पश्चिम असेल तर डिसेंबरात उतरतच नाही, कारण मुंबईत तेव्हा माध्यान्हीचा सूर्यही ४७-४८ अंशांवरच असतो. उन्हात क्षयाचा जंतू लवकर मरतो, अंधारात टिकतो. हे शाळेच्या पुस्तकातले ज्ञान आहे, पण सामासिक अंतराच्या, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेच्या, तक्त्यात त्याला जागा नाही.

वाऱ्याचे गणित याहून वाईट आहे. दोन इमारतींमधली गल्ली जितकी रुंद तितकीच इमारत उंच असली, तरी वारा गल्लीत नीट उतरत नाही, गच्च्यांवरून घसरत पुढे जातो. इथे उंची रुंदीच्या साडेसातपट आहे. त्यामुळे समुद्रावरून चांगला वारा सुटलेला असतानाही दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी धरलेली उदबत्तीची धुराची रेघ सरळ वर जाते. कागदावर मात्र त्या खिडकीची नोंद ‘वायुवीजनासाठी उघडी’ अशीच होते.

दुसरी तक्रार घराच्या आतल्या मांडणीची. मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंना घरे, पॅसेजच्या टोकांना लिफ्ट, जिना किंवा मीटरची खोली. अशा घराला बाहेरची भिंत एकच. हवा एका खिडकीतून आत येऊन त्याच खिडकीतून बाहेर जायची. एका बाजूच्या उघडणीने खोलीची हवा खेळते ती छताच्या उंचीच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत, म्हणजे २.७५ मीटर छताला साडेपाच मीटरपर्यंत. समोरासमोर उघडणी असेल तर पाचपटीपर्यंत. जुन्या चाळीत माणसे दाटीनेच राहात होती आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही, पण सज्जाकडे उघडे दार आणि मागच्या भिंतीला खिडकी ही मांडणी तिच्याकडे होती. आपण ती गॅलरी चटई क्षेत्राच्या हिशेबात गमावली आणि तिच्या जागी बंद पॅसेज आणला.

खिडकीचे मापही फसवे आहे. दमट हवेच्या प्रदेशात उघडणीचे क्षेत्र खोलीच्या एकषष्ठांश हवे, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. १२ चौरस मीटरच्या खोलीला २ चौरस मीटर. पण मोजली जाते चौकट. दोन पट्ट्यांची स्लायडिंग खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते. दोन चौरस मीटरची खिडकी बसवली की मिळतो एक. त्यावर डासांची जाळी, सुरक्षेची ग्रिल, ग्रिलमध्ये कपडे आणि पाण्याचा ड्रम. कपड्यांना दुसरी जागा दिलेली नसते, म्हणून ते तिथेच असणार. रहिवाशांना दोष देण्यापूर्वी ओटा आणि न्हाणी सोडून घरात भिंत किती उरते ते नकाशावर मोजावे.

डक्टबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण अधिकाऱ्यांच्या पाहणीत तो सहसा बघितलाच जात नाही. न्हाणी आणि संडासच्या खिडक्या ज्या उभ्या पोकळीत उघडतात तिचे काम घाण हवा वर नेण्याचे. २४ मीटर उंचीच्या इमारतीला ती किमान ५.४ चौरस मीटर आणि कुठल्याही बाजूने १.८ मीटर असावी, असे संहितेचे माप आहे. प्रत्यक्षात त्याच पोकळीत सांडपाण्याचे पाइप, पावसाचे पाइप आणि पाण्याच्या लाइन टाकतात, आणि माणूस आडवा होऊनही आत जाऊ शकत नाही. तळाला दार नसते. असलेच तर ते कुणाच्या तरी न्हाणीतून. एकदा जोड गळू लागला की प्लंबर पोचत नाही, भिंत ओली होते, पलीकडच्या खोलीत बुरशी चढते, दमेकऱ्याचा पंप वाढतो. वरच्या मजल्यांवरून कचरा पडतो, तळाशी पाणी साचते, डास होतात. मग आठही मजल्यांवरचे लोक डक्टच्या झडपांना प्लास्टिक किंवा पुठ्ठा लावतात. संध्याकाळी डासांसाठी पुढची खिडकीही बंद होते आणि आत कॉइल लागते. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण निघतात, असे मोजमाप २००३ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. म्हणजे डक्टच्या तळाशी दार नाही या एका चुकीतून खिडकी बंद होण्यापर्यंत आणि धुरापर्यंत साखळी जाते. आरोग्य खाते तिच्या शेवटच्या कडीवर जनजागृतीची पत्रके वाटते.

आता रात्रीचा हिशेब. ३०० चौरस फूट म्हणजे २७.९ चौरस मीटर, २.७५ मीटर छताने घरातली हवा सुमारे ७७ घनमीटर. पाच माणसे झोपली आहेत, खिडक्या बंद आहेत, आणि हवा दोन तासांत एकदा बदलते आहे. पाच झोपलेली माणसे मिळून तासाला ७५ ते ८० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. पहाटेपर्यंत घरातले प्रमाण २,४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २,४०० भाग) आसपास पोचते. बाहेर ते ४२५ असते. श्वासातून बाहेर पडणाऱ्या हवेत हा वायू ३८,००० पीपीएमच्या जवळपास असतो, तेव्हा भागाकार करून पाहा: त्या घरात घेतलेल्या दर वीस श्वासांपैकी एक श्वास कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो. घरात एकाला निदान न झालेला फुप्फुसाचा क्षय असेल, तर उरलेल्या चौघांच्या वाट्याला काय येते हे वेगळे सांगायला नको. इथे घर ३०० फुटांचे आहे की ३५०, याने फारसा फरक पडत नाही. हवा बदलत नसेल तर मोठे घर थोडे उशिरा भरते, एवढेच.

खोकल्यातून निघालेले एक ते पाच मायक्रॉनचे कण तासन्‌तास तरंगतात. ते ९९ टक्के निघून जायला तासाला दोनदा हवा बदलणाऱ्या खोलीत १३८ मिनिटे लागतात, सहादा बदलणाऱ्या खोलीत ४६ आणि बारादा बदलणाऱ्या खोलीत २३. रुग्णालयातल्या संसर्गाच्या खोल्यांसाठी बाराचा निकष वापरतात. घरांसाठी आम्ही बारा मागत नाही. पण उघडी खिडकी असताना सहा आणि रात्री किमान अडीच हे मुंबईच्या हवामानात, पंख्याखेरीज कुठलेही यंत्र न लावता जमण्यासारखे आहे. पेरूमधल्या लिमा शहरातील रुग्णालयांची मोजणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. दारे-खिडक्या उघडल्यावर १९५० पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हवा तासाला ४० वेळा बदलत होती, नव्या इमारतींत १७ वेळा. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत १२ धरले तरी क्षयसंसर्गाचा अंदाजी धोका जुन्या इमारतींत सगळ्यांत कमी निघाला. पैशाचा नव्हे, रचनेचा हा फरक.

बैठकांमध्ये ठरावीक उत्तरे मिळतात. ‘मुंबईत जागा नाही.’ जागा त्याच भूखंडावर आहे. विकासक बाजारात विकतो त्या टॉवरभोवती पोडियम, बाग आणि ऐसपैस सामासिक अंतर असते. सवलतीने आवळलेल्या इमारती कोपऱ्यात असतात. हेक्टरी किमान ६५० घरांची अट पाळूनही इमारतींची मांडणी बदलता येते: कमी इमारती, जास्त अंतर, एकेरी (एकाच बाजूला घरे असलेला) पॅसेज. त्यासाठी विकासकाला पुनर्वसनाची उंची वाढवावी लागते, खर्च वाढतो, हे आम्ही नाकारत नाही. पण तो खर्च आजही कुणीतरी देतेच आहे. केंद्र सरकार प्रत्येक क्षयरुग्णाला पोषणासाठी महिना १,००० रुपये देते, औषधे फुकट देते, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा उपचार तर कितीतरी महाग पडतो. बुडालेली मजुरी कुणाच्याच हिशेबात नाही. ‘लोकच खिडक्या बंद ठेवतात’ याचे उत्तर वर आले आहे. आणि ‘एअर प्युरिफायर देऊ’ असे सुचवणाऱ्यांना एवढेच सांगायचे की तो हवा गाळतो, ताजी आणत नाही. वर्षा-दोन वर्षांनी फिल्टर कोण बदलणार, हेही त्या प्रस्तावात लिहिलेले नसते.

आमच्या मागण्या:

१. विकास नियंत्रण नियमावलीतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियम ३३(१०) खाली उजेड आणि हवेसाठीच्या मोकळ्या जागांत दिली जाणारी सवलत बंद करावी. दोन इमारतींमधले अंतर उंचीच्या निम्मे असावे. भूखंड फारच अडचणीचा असेल तर सवलत मागणाऱ्याने तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांचा उजेड व वाऱ्याचा हिशेब जोडावा आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर हरकतींसाठी ठेवावा.

२. दोन्ही बाजूंना घरे असलेला बंद पॅसेज मंजूर करू नये. पॅसेज एकेरी किंवा दोन्ही टोकांना पूर्ण उघडा हवा. प्रत्येक घराला दोन वेगळ्या दिशांना उघडणी हवी. ते अगदीच जमत नसेल तर मुख्य दारावर किमान ०.३ चौरस मीटरचा झरोका, मात्र उघड्या पॅसेजकडेच. बंद पॅसेजकडे झरोका ठेवला तर शेजाऱ्याचा खोकला घरात येतो. अग्निशमन दलाची हरकत येऊ नये म्हणून त्याचा तपशील आधीच दलाकडून ठरवून घ्यावा.

३. खिडकीचे क्षेत्र चौकटीने नव्हे, प्रत्यक्ष उघडणाऱ्या भागाने मोजावे. बिजागरीची, पूर्ण उघडणारी खिडकी सक्तीची करावी आणि कपडे वाळवायला वेगळी जागा नकाशात दाखवावी.

४. डक्टला तळाशी सार्वजनिक बाजूने माणूस जाईल असे दार, प्रत्येक मजल्यावर जाळी, तळाला उतार आणि निचरा. पाइपांनी अडवलेले क्षेत्र वजा करून ५.४ चौरस मीटर भरायला हवे. स्वयंपाकघराचा पंखा डक्टमध्ये सोडत असतील तर उलट वारा रोखणारी झडप हवी, नाहीतर तिसऱ्या मजल्याची फोडणी सहाव्याच्या न्हाणीत जाते.

५. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी हवेची चाचणी. खालच्या तीन मजल्यांवरच्या दर वीस घरांमागे एक घर, चिठ्ठी टाकून. पद्धत अवघड नाही. इन्फ्रारेड सेन्सरचा कार्बन डायऑक्साइड मीटर काही हजार रुपयांत मिळतो. तो आधी बाहेरच्या हवेत तपासून घ्यावा. खोली बंद करून सिलिंडरने प्रमाण २,००० च्या वर न्यावे, पंख्याने हवा ढवळावी, मग सगळे बाहेर पडून खिडक्या उघडाव्यात आणि दर मिनिटाला आकडा नोंदवावा. बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचे प्रमाण १,६०० वरून ४०० वर यायला वीस मिनिटे लागली, तर हवा तासाला चार वेळा बदलते. सहा भरत नसेल तर प्रमाणपत्र नाही. चाचणी विकासकाच्या सल्लागाराने नव्हे, तटस्थ अभियांत्रिकी महाविद्यालयाने करावी.

६. बांधून झालेल्या इमारतींसाठी वेगळा निधी. फटींमधला कचरा काढून तिथे फरसबंदी आणि निचरा, पॅसेजच्या टोकांच्या भिंती कापून जाळ्या, डक्टच्या माथ्यावर वाऱ्याने फिरणारे टर्बाइन पंखे, अर्धवट उघडणाऱ्या खिडक्यांच्या जागी बिजागरीच्या. सुरुवात खालच्या मजल्यांपासून करावी. तीन मीटरचे अंतर यातून वाढणार नाही. इमारतींच्या ज्या जोड्यांत खालचे मजले राहण्याजोगे होऊच शकत नाहीत, तिथले खालचे दोन मजले दवाखाना, वाचनालय किंवा गाळे यांना देऊन कुटुंबांना त्याच परिसरात दुसरी घरे द्यावीत.

७. क्षयरुग्णांची इमारत आणि मजला यांनुसार आकडेवारी, नावे आणि घरक्रमांक वगळून, महापालिकेच्या आरोग्य खात्याने प्राधिकरणाला दर तिमाहीला द्यावी. कुठली मांडणी माणसे आजारी पाडते हे त्याशिवाय नकाशे मंजूर करणाऱ्यांना कळणार कसे?

धारावीची आणि पुनर्वसनाच्या घरासाठी अपात्र ठरलेल्यांसाठीच्या भाड्याच्या घरांची आखणी आता कागदावर आहे. पहिली, दुसरी आणि पाचवी मागणी त्या नकाशांना आजच लावता येते. एकदा स्लॅब पडले की सहाव्या मागणीचा खर्च तेवढा उरतो.

या पत्रातले हिशेब तपासून पाहायचे असतील तर प्राधिकरणाने स्वतःच्या निवडीची कुठलीही इमारत सांगावी, घरातल्यांची परवानगी घ्यावी आणि सोबत अभियंता पाठवावा. मीटर आम्ही आणतो. वेळ मात्र पहाटे पाचची ठेवावी, घरातले उठून खिडकी उघडण्याआधीची.

आपले,
मुंबईतील काही वास्तुरचनाकार, अभियंते आणि क्षयरोग कार्यकर्ते

प्रत माहितीसाठी: आरोग्य खाते, बृहन्मुंबई महानगरपालिका, गृहनिर्माण विभाग, मंत्रालय, पुनर्वसन इमारतींच्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था